जस्ताच्या विहिरीतल्या दोन पायऱ्या

आमच्या मुलीनं अर्गॉन हा शब्द पुस्तकात वाचला, त्याच्या कितीतरी आधीपासून तो आमच्या घरात मिठासारखा वापरात होता. मालक बारामतीच्या एमआयडीसीत, दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर. (मालक म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं. घर माझ्या नावावर आहे.) स्टीलची टाकी जोडायची तर अर्गॉन गॅस लागतो. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुता धुता यांच्या बातम्या सुरू. आज अर्गॉन आलाच नाही, आज अर्गॉन उशिरा आला, अर्गॉनवाचून जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसते बसून राहिलो. पहिलं वर्षभर माझी समजूत अशी, की अर्गॉन हा कुणीतरी मोठा फोरमन असावा आणि पीत असावा. एकदा न राहवून म्हटलंसुद्धा, "त्या अर्गॉनला कामावरनं काढून का टाकत न्हाईत?" मालक इतके हसले की तोंडाला लावलेला साबण तसाच वाळला.

माझं शिक्षण म्हणाल तर निरवांगीच्या शाळेत चौथीपर्यंत. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होते. पोरांनी शिकायचं हे त्यांनी त्याच दिवशी पक्कं केलेलं. पण चौथीच्या पुढची शाळा लांब, आणि आईला धाकट्यांना सांभाळायला कुणीतरी हाताशी हवं, त्यामुळे ते पक्कं माझ्यापुरतं जरा कच्चं राहिलं. मग पुढचं सगळं मी मुलीच्या पाठीमागून शिकले. ती स्टोव्हपाशी बसून मोठ्यानं वाचायची, मी भाकरी थापायची. ती बी.एस्सी. झाली तेव्हा मलाही अर्धी बी.एस्सी. म्हणायला हरकत नव्हती. प्रॅक्टिकल तेवढं माझं स्वयंपाकाचं होतं.

ही गोष्ट नव्वदनंतरची, मुलगी एम.एस्सी. होऊन पुण्याला विद्यापीठात पीएच.डी. करत होती तेव्हाची. तिचा विषय म्हणजे जस्ताचा अणू आणि अर्गॉनचा अणू यांची जोडी, आणि ती लेझरनं तपासायची. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मालकांना काय आनंद झाला!

"म्हंजे माझंच काम पुढं चालवती की!"

"आण्णा, तुमचा अर्गॉन नुसता बाजूला उभा राहतो," ती म्हणाली. "माझ्याकडचा जोडीला येतो."

मग तिनं समजावून सांगितलं. अर्गॉन हा राजवायू. हेलियम, निऑन, अर्गॉन ही सगळी एक भावकी. यांचा गुण असा की ते कुणात मिसळत नाहीत आणि कुणाशी जुळत नाहीत.

मी म्हटलं, "कुनाच्या हातचं खात न्हाईत, कुनाच्या पंगतीला बसत न्हाईत, असंच ना? असली चार घरं व्हती की गावात आपल्या. त्यांचा अभ्यास कराया पुण्याला कशाला जायाचं?"

"आई, ते सोवळं पाळत नाहीत गं. त्यांना दुसऱ्याची गरजच नसते."

"त्या घरांना बी असंच वाटायचं. ऊस तोडायला माणसं मिळंनात तवा कळलं."

मालकांना हे आवडलं नाही. म्हणाले, "गॅसला नावं ठिवू नका. त्यो बाजूला उभा राहतो म्हनून टाकीचा सांधा काळा पडत न्हाय. लई गुनाचा हाय." मालकांच्या तोंडून इतकं कौतुक मी माझ्या माहेरच्या एकाही माणसाचं ऐकलेलं नाही.

जस्त मात्र आम्हाला घरचंच. बादली जस्ताची, छपराच्या पत्र्यावर जस्त, उसाची पानं पिवळी पडली की दुकानदार जी पिशवी हातात देतो तीत जस्त. पण मुलगी जे करायची ते ऐकून मी गार झाले. एक पोलादी भांडं, त्यातली सगळी हवा पंपानं ओढून काढलेली. त्यात बोटभर भट्टी. भट्टीत जस्त इतकं तापवायचं की त्याची वाफ व्हावी. त्या वाफेवरून अर्गॉन सोडायचा, आणि दोघांना मिळून सुईच्या टोकाएवढ्या भोकातून रिकाम्या जागेत फेकायचं. बाहेर पडता पडता ते असे गारठतात, असे गारठतात, की हा कुणात न मिसळणारा अर्गॉन चक्क जस्ताला बिलगतो. घट्ट नाही, आपला उगीच. धक्का लागला तर सुटेल इतपत. पण बिलगतो. तेवढ्यात लेझर मारून त्यांना गाठायचं.

"थंडी पडली की शेजारी आठवतोच," मी म्हटलं.

"तसंच धर," ती म्हणाली. शिकवून दमलेल्या मास्तरांचा आवाज मला लगेच ओळखू येतो.

एकदा मी डबा घेऊन तिच्या प्रयोगशाळेत जाऊन आले. बघायला काय होतं? अंधार, पंपाचा पिठाच्या गिरणीसारखा घुर्रर्र आवाज, आणि टेबलावर आरशांची दाटी. लेझरचा उजेड तर डोळ्याला दिसतच नव्हता. तिनं पांढरा कागद आडवा धरला तेव्हा त्यावर निळा ठिपका उमटला, बस. मी म्हटलं, जोडी दिसत न्हाय, उजेड दिसत न्हाय, मग तू दिवसभर बघती काय? तेव्हा तिनं एक यंत्र दाखवलं. त्याची सुई कागदावर हळूहळू रेघ ओढत होती, आणि मधेच तिला काय व्हायचं कुणास ठाऊक, ती उंच उडी मारून खाली यायची. कागदावर त्याचं टोक उमटायचं.

"हे प्रत्येक टोक म्हणजे एक पायरी," मुलगी म्हणाली. "जोडी जेवढी घट्ट, तेवढी विहीर खोल. आम्ही विहीरच म्हणतो त्याला. लेझरचा रंग अगदी थोडा थोडा बदलत न्यायचा. एखाद्या रंगाला जोडीनं दाद दिली की ती एक पायरी. सगळ्या पायऱ्या लावल्या की विहीर किती खोल ते कळतं."

आता आमच्या गावच्या जुन्या विहिरीलाही पायऱ्या होत्या. पण माझ्या आईच्या वेळी त्या आमच्यासाठी नव्हत्या. वर थांबायचं, आणि खालून येणाऱ्या कुणाच्या मनात आलं तर तुमच्या घागरीत ओतलं जायचं. त्यामुळे विहिरीच्या पायऱ्या मोजायचा अनुभव आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता. मुलीनं तो एकदम जस्तापासून सुरू केला.

आणि सुरू केला तो असा, की पहिल्याच विहिरीवर भांडण.

झालं काय, की तळाजवळच्या पायऱ्यांवर तो लेझर नीट पोचत नाही. तिथली टोकं कागदावर उमटतच नाहीत. विहिरीला पाणी असलं की खालच्या पायऱ्या दिसतात का? तशातली गत. बऱ्याच वर्षांपूर्वी, लांबच्या एका मोठ्या संस्थेतल्या एका सरांनी हीच जोडी तपासली होती. त्यांना जी पायरी सगळ्यात खाली दिसली, ती तळाची असं धरून त्यांनी विहिरीची खोली छापून टाकली. जगात सगळे तीच खोली मानून चालले होते. आमची मुलगी म्हणत होती, त्याखाली अजून दोन पायऱ्या आहेत.

"दिसत न्हाईत म्हनतीस, मग तुला कशा कळल्या?" मी विचारलं.

"जस्ताचे सगळे अणू एका वजनाचे नसतात, आई. काही हलके, काही जरा जड. समज, एक काटकुळा भाऊ आणि एक धिप्पाड भाऊ एकाच विहिरीत उतरले. तळाशी दोघांच्या पायऱ्या जवळजवळ बरोबरीनं असतात. जसजसं वर यावं तसतसा दोघांच्या पायऱ्यांत फरक पडत जातो. मग जी पायरी दिसते, तिथं दोघांत फरक किती ते मोजायचं. मी मोजला. तेवढा फरक पडायला खाली दोन पायऱ्या असायलाच पाहिजेत."

हे मला सगळं समजलं असं मी म्हणत नाही. पण ती ज्या रीतीनं सांगत होती, त्यावरून पटलं.

आता पुढचं ऐका. तिचा प्रबंध लिहून झाला, तपासायला गेला, आणि शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून कोण यावेत? तेच. खोली छापणारे.

मुलगी सुट्टीला घरी आली ती तोंड उतरवूनच. एका कॉलेजात जागा निघाली होती. पीएच.डी. पूर्ण असेल तरच ती मिळणार. परीक्षकांनी प्रबंध माघारी धाडला तर सगळं पुन्हा मोजायला बसायचं. आणि मोजणार कशानं? तो बारीक लेझर दुसरीकडून उसना आणलेला, तो तर केव्हाच परत गेला होता. म्हणजे त्या एका दिवसावर तिचं सगळं टांगलेलं. तिचे गाईड सर, माणूस चांगला, पण सरळ वाट दिसली की यांना आधी वळसा आठवायचा. ते तिला म्हणाले होते, एवढं ठाम कशाला बोलतेस? खाली एखादी पायरी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हण. त्यांचंही राहील, तुझंही राहील.

मला तर हे बोलणं फार शहाणपणाचं वाटलं. मी म्हटलं, "बाई, सोड की एक पायरी. एवढी शिकलीस आन् एका पायरीसाठी घोडं अडवतीस?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "सोडायला ती माझी हाय का आई?"

मी आमटी वाढली.

त्या शेवटच्या परीक्षेला ओपन व्हायव्हा म्हणतात. ओपन म्हणजे सभागृहात, सगळ्यांसमोर. तशी नोटीस लागते, सर्वांना उपस्थित राहण्याची विनंती आहे म्हणून. तारीख ठरल्यावर मुलीनं शेजाऱ्यांच्या फोनवर हे आपलं सहज सांगितलं, आणि मी ते घरात येऊन सहज सांगितलं. पण त्या दिवशी माझा थोरला भाऊ आलेला होता.

भावाबद्दल सांगायला हवं. तो निरवांगीला शेती करतो, पण त्याचं खरं काम मिटवामिटवीचं. बांधाचं भांडण, पाटाच्या पाण्याची पाळी, भावाभावांची वाटणी, काहीही असो, लोक तात्यांना बोलावतात. त्याची पद्धत एकच. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं, चहा प्यायचा, आणि बरोबर मधोमध बोट ठेवायचं. खरं कुणाचं, हे तो विचारतसुद्धा नाही. म्हणतो, "खरं हुडकायला कोर्ट हाय. मी बैठक उठवायला येतो." आणि उठवतोच. दोन्ही बाजू त्याला सारख्याच शिव्या देत घरी जातात, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास.

"सर्वांना म्हनलंय न्हवं?" भाऊ म्हणाला. "मग समदी जाऊ."

"आरं, तसं लिहायची पद्धत असती."

"मग जायाची बी पद्धत असती. पत्रिकेत सहकुटुंब छापत्यात तवा आपुन एकटं जातो का?"

मालक माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट लागंल."

झालं. परीक्षेच्या दिवशी सकाळी दारात भाड्यानं सांगितलेली वडापची जीप उभी. मी, मालक, भाऊ, भावजय, बावड्याला दिलेली नणंद, आणि निरवांगीहून जागा उरली म्हणून आलेली माणसं. जागा उरली असं ते म्हणाले, मला कुठं दिसली नाही. भावजयीनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडीवर घट्ट धरलेला, जणू परीक्षा तोच देणार होता. वाटेत भाऊ मला विचारत होता, "परीक्षा घेनारं कितीजन? पोरीच्या बाजूनं कोन बोलनार?" मी म्हटलं, पोरगीच बोलणार. त्याला ते बरं वाटलं नाही. "आशी कुठं बैठक असती व्हय? एका बाजूला एकटं पोर?"

विभागाच्या पायऱ्यांवर मुलगी उभी होती. आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा जस्ताच्या पत्र्यासारखा झाला. मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "मामा बोलणार आहे का?"

"परीक्षा तुजी. त्यो कशाला बोलंल?" मी म्हटलं. खरंच मला तसंच वाटत होतं.

त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, त्यामुळे पोरं सगळी कुठल्यातरी टीव्हीपुढं जमलेली. हॉलमध्ये तीनचार प्राध्यापक, दोन मुली, आणि बाकी आम्ही. मधल्या खुर्चीत बसलेले अध्यक्ष आमच्याकडे बघून गोंधळले. अदबीनं म्हणाले, "आपण कुठल्या विभागातून?"

"इंदापूर तालुका," भाऊ म्हणाला आणि पुढच्या रांगेत बसला.

परीक्षक उंच, पांढऱ्या केसांचे, इस्त्री केलेल्या कपड्यांतले. मराठी येत नव्हतं, इंग्रजी आणि हिंदी बोलायचे. मुलीनं पडद्यावर एकेक चित्र दाखवत इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आम्हाला झिंक आणि अर्गॉन हे दोनच शब्द कळत होते, आणि दर अर्गॉनला मालक मला कोपरानं ढोसत होते. माझी बरगडी दुखायला लागली. भावजयीचा डोळा लागला. भाऊ मात्र जागा होता, आणि पडद्याकडे न बघता माणसांकडे बघत होता. ती त्याची सवय. म्हणतो, भांडण कागदावर नसतं, तोंडावर असतं.

मग परीक्षक विचारायला लागले. सुरुवातीला बरं चाललं होतं. ते विचारत, ती सांगे, ते मान हलवत. आणि एकदम आवाज बदलले. इंग्रजी येत नसलं तरी एवढं कुणालाही कळतं. त्यांनी पडद्यावरच्या शेवटच्या टोकाकडे बोट दाखवलं आणि हात असा आडवा फिरवला, की संपलं, खाली काही नाही. मुलीनं दोन बोटं वर केली. त्यांनी पुन्हा हात फिरवला. तिनं पुन्हा दोन बोटं. गाईड सर खुर्चीत पुढं सरकले. अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागले. आणि परीक्षकांनी समोरचा प्रबंध मिटला, वर पेन ठेवलं, पेनाला टोपण घातलं. ते टोपण टक् करून बसलं. गेली जागा, मी म्हटलं. आता लेझर कुठून आणायचा?

भावानं मागं वळून त्या दोन मुलींतल्या एकीला विचारलं, "काय म्हनत्यात गं?"

ती बिचारी कुजबुजली, "सर म्हणतात, याच्या खाली पायऱ्याच नाहीत. ताई म्हणतात, दोन आहेत."

"आस्सं होय," भाऊ म्हणाला, आणि उभा राहिला. मी त्याचा शर्ट धरला होता, तो माझ्या हातातून सुटला.

"नमस्कार साहेब. मी पोरीचा मामा."

अध्यक्ष दचकले. म्हणाले, "हां, उपस्थितांना प्रश्न विचारायची मुभा आहे, पण थोडक्यात."

"प्रश्न न्हाय. तोडगा हाय." भावानं टोपी नीट केली. "साहेब, तुमी मोठं मानूस. तुमी म्हनता खाली पायरीच न्हाय. पोरगी म्हनती दोन हायत. आता तुमी बी शिकल्यालं, ती बी शिकल्याली, खोटं कुनीच बोलत न्हाय. तर मी काय म्हनतो, एक धरा आन् उठा. तुमचा बी मान राहतो, पोरीचा बी राहतो. समद्यांम्होरं सह्या करा, आन् चहा पिऊ."

 परीक्षकांनी गाईड सरांकडे बघून हिंदीत विचारलं, क्या कह रहे हैं? खरं तर सरांनी सांगायचं. सर टेबलाकडे बघत बसले. कान लाल झालेले. शेवटी अध्यक्षांनीच हिंदीत सांगितलं की मामाजींचं म्हणणं आहे, ना आपलं शून्य, ना हिचं दोन, एकावर मिटवून टाका.

"मामा, खाली बस!" मुलगी म्हणाली.

"आगं, मिटतंय तर—"

"मिटवायला ते भांडान हाय का?" इतकी वर्षं पुण्यात राहून कमावलेलं शुद्ध मराठी तिच्या तोंडातून एका दमात गळून पडलं. "जस्त आन् अर्गॉन हितं आल्यात का सह्या कराया? तितं दोन असतील तर आपुन एक धरल्यानं एक व्हनार न्हाय. आन् सरांचं बराबर असंल तर एक बी न्हाय. मग माजं चुकलं म्हनून लिहा, मी पुन्यांदा बसंन. पन एक कशी धरायची, मामा? सरांना शून्य घावल्या, मला दोन घावल्या. एक तर कुनालाच घावली न्हाय!"

भाऊ उभाच. बस म्हटल्यावर बसायची त्याला सवय नव्हती, आणि उभं राहून करायचं काय तेही कळेना.

परीक्षकांनी पुन्हा विचारलं, आता काय म्हणाली? अध्यक्षांनी तेही सांगितलं. सांगताना त्यांना जरा हसू आलं. परीक्षक मात्र हसले नाहीत.  मग हळूच, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, "ये बात तो है. एक तो किसी को नहीं मिली."

आणि पेनाचं टोपण काढलं.

खुर्चीतून उठून ते तिच्या टेबलापाशी गेले. तिनं हलक्या जस्ताचा आणि जड जस्ताचा असे दोन पारदर्शक कागद एकावर एक ठेवले. ते वाकले. पेन्सिलीनं टोकं मोजायला लागले. एकदा मोजून झालं, कागद सरकवले, परत मोजलं. मधूनमधून तुटक काहीतरी विचारत, ती तितकंच तुटक सांगे. मघाचा आवाज दोघांचाही गेला होता. आता ते मला धान्य निवडायला बसलेल्या दोन बायकांसारखे दिसत होते, तांदूळ एक, सूप एक, आणि खडा कुणाला आधी सापडतो त्याचं कुणालाच काही नाही.  भाऊ केव्हातरी आपोआप खाली बसला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चहावाला दोनदा दारातून डोकावून गेला. मग परीक्षक सरळ झाले, कमरेवर हात ठेवला, आणि इंग्रजीत बरंच बोलले. मागच्या मुलीनं आम्हाला सांगितलं ते असं, की आमच्या वेळी एवढा बारीक लेझर नव्हता, हलकं जस्त आणि जड जस्त आम्हाला वेगळं दिसत नव्हतं. माझी चूक झाली, असं काही ते म्हणाले नाहीत. तेवढं वाक्य सोडून सगळं म्हणाले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आमच्याकडची माणसं बांध कोरला तर तेवढंही बोलत नाहीत.

अध्यक्षांनी जाहीर केलं. पदवी द्यावी अशी शिफारस, आणि प्रबंध आहे तसा, एक अक्षर न बदलता. आम्ही टाळ्या वाजवल्या, मग कळलं की त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही, म्हणून थांबलो, आणि संपल्यावर पुन्हा वाजवल्या. भावजय जागी झाली आणि सगळ्यात जोरात तिनं वाजवल्या.

मुलगी खाली उतरून आली. पाया वगैरे पडायची आमच्यात रीत नाही, आणि तिला तेवढं भानही नव्हतं. ती आपली माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. मालक तिच्या मागं उभे राहून पडद्यावर राहून गेलेल्या चित्राकडे बघत होते. "अर्गॉन कंच्या बाजूला हाय ह्यात?" त्यांनी विचारलं. तिनं डोकं न उचलताच बोटानं दाखवलं.

बाहेर व्हरांड्यात चहा होता. परीक्षकांनी चटणी मागून घेतली आणि नाकातोंडातून पाणी आलं तरी पुन्हा मागितली. सगळे मुलीभोवती. भाऊ तेवढा एका खांबाला टेकून तंबाखू मळत होता, तोंड पाडून.

"एवढी वर्सं मिटवतोय," तो मला म्हणाला. "पयल्यांदाच बैठकीत कुनी खाली बस म्हनलं. आन् ते बी घरचं."

"बसलास न्हवं? मग झालं."

"एकावर मिटलं असतं गं. त्यो साहेब ऐकायच्या घाईला आलाच व्हता."

तेवढ्यात हातात चहाचा कप घेऊन गाईड सर आले. इकडंतिकडं बघितलं. मी बायकांत धरली जाते म्हणून माझ्यासमोर बोलायला त्यांना काही वाटलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुम्ही उठलात ते फार बरं झालं. नाहीतर मीच उठणार होतो."

"तुमी? काय बोलाया?"

"हेच. एक धरावी म्हणून. इंग्रजीत जरा बरं वाटलं असतं, पण हेच." त्यांनी कपात बघितलं. "तुमच्या तोंडून ऐकलं, आणि मग मला काही बोलता येईना."

भावाचा अंगठा तळहातावर थांबला. "एकावरच?"

"एकावरच."

"मग उठायचं न्हवतं का मास्तर!" भावाचा आवाज अख्ख्या व्हरांड्यात गेला. परीक्षकसुद्धा वळून बघायला लागले. "दोघांचं वजन पडलं असतं की! कवाच मिटलं असतं!"

सरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पलीकडे हसत उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे. मग कप कठड्यावर ठेवला आणि भावापुढं हात करून चिमूटभर तंबाखू मागितली.